शेंदूर तिथं शीव

बाय, तुझ्या तेराव्याचं जेवून पेणला आलो त्याला आज पाच दिवस झाले. पहिले दोन दिवस नुसता पडून होतो. सूनबाईला वाटलं, मला ताप आला. ताप नव्हता. थकलो होतो, आणि झोपून जाणारा थकवा नव्हता तो. तिसऱ्या दिवशी उठलो आणि परत तुझ्या गावाला गेलो, कारण डोंगरावर फेरमोजणी होती. तिथं काय झालं ते तुला सांगायलाच हवं. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. तू किती मायाळू, तुझ्या हातच्या वालाच्या आमटीला कशी चव, आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय कशी सोडायची नाहीस. मी मान हलवत होतो. मला मात्र तू चिडलेलीच आठवत होतीस. माघातली ती दुपार, माझ्या गॅलरीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. गेले दोन महिने मला तू तशीच दिसते आहेस, आणि आता दुसरी कुठली दिसेल असं वाटत नाही.

थोडं मागचं सांगतो. तुला माहीत आहे, तरी ऐक. कारण आपण दोघं बहीणभाऊ हे एकत्र बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कधी बोललोच नाही. अर्धं तुला ठाऊक होतं, अर्धं मला.

आपलं गाव पेणच्या अंगाला, तुझं सासर डोंगर उतरून पलीकडे, रोह्याच्या अंगाला. मधल्या डोंगरावर दोन्ही गावांचं गुरचरण. माथ्यावरून सात दगडांची रांग, इंग्रजांच्या वेळी पुरलेली. गुडघ्याएवढे काळे दगड, प्रत्येकाच्या पाठीवर टाकीनं काढलेली फुली. दगडांच्या अलीकडे पेण, पलीकडे रोहा. गुरं दोन्हीकडे चरायची. त्यांना शीव कुणी शिकवली नव्हती आणि त्यांच्यामागं फिरणाऱ्यांनाही तिची फारशी पडलेली नव्हती. फक्त वर्षातून एकदा, वाघबारशीला, दोन्ही गावचे गुराखी वर जमायचे. वाघोबाच्या नावानं खीर शिजायची, नारळ फुटायचा आणि मग मोठी माणसं शीव चालायची. पहिल्या दगडापासून सातव्यापर्यंत, प्रत्येकाला शेंदूर लावत.

आपले आबा मला न्यायचे. तुला नाही नेलं. बायकांनी वाघबारशीला वर जायचं नसतं, एवढंच कारण होतं. तू दारात उभी राहून बघायचीस आणि मी मागं वळून तुला वेडावून दाखवायचो. आता सांगतो, बाय, मी तेव्हा कधी शीव चाललोच नाही. दुसऱ्या दगडापर्यंत गेलो की माझे पाय दुखायचे. मी खिरीच्या हंड्याजवळ बसून राहायचो. आबा परत येऊन म्हणायचे, "ध्यानात ठेव रे सदा, शेंदूर तिथं शीव." मी हो म्हणायचो आणि हंड्यात बघायचो. एवढंच माझं शिक्षण.

आणि याच शिक्षणावर मी सरकारी मोजणीदार झालो, आपल्याच डोंगराची मोजणी करायला गेलो. माणसं कमी होती, म्हणून मलाच धाडलं. चैत्राचं ऊन होतं. सहा दगड मिळाले, सातवा मिळेना. शीव चालायची रीत तेव्हा मोडूनच गेली होती, दोन्ही गावची माणसं कंपन्यांत लागली होती, दाखवायला कोणी नव्हतं. जुन्या नकाशात डोंगराचा भाग मोघम काढलेला. सातव्या दगडाचं माप दोन झाडांपासून दिलेलं, एक ऐनाचं, एक किंजळाचं. दोन्ही झाडं कधीच तुटून गेली होती. मी घाम पुसत उतरलो तर तुमच्या पाणवठ्याशी, झऱ्याच्या खालच्या अंगाला, शेंदूर लावलेला काळा दगड. पाठीवर फुली. मला हायसं वाटलं. तू भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली होतीस. त्या दगडाच्या सावलीला, म्हणजे त्याच्या मागच्या जांभळीच्या सावलीला, मी जेवलो. तू दगडाला हात जोडलेस. मी वहीत लिहिलं: सातवा दगड, जागेवर.

तू मला विचारलं नाहीस की काय लिहितोस. मी तुला विचारलं नाही की हा दगड इथं कधीपासून आहे. सख्खी बहीण पुढ्यात भाकरी वाढते आहे आणि मी तिला तो एक प्रश्न विचारत नाही, याला काय म्हणायचं? मी साहेब होतो ना. साहेब पंचांना विचारतो, बहिणीला नाही.

मग तो दगड, तुझा वाघोबा, मोठा होत गेला. तो पाणवठा म्हणजे तुझी जागाच झाली. भावोजी गेले तेव्हाही दुसऱ्या महिन्यात तू गुरं घेऊन वर जायला लागलीस, म्हणालीस, घरात बसून डोकं फिरतंय, तिथं बरं वाटतं. धाटावला कंपनीत शिफ्टला जाणारी पोरं नवस बोलायला लागली. तुझ्या मंगेशची कायम नोकरी झाली ती वाघोबामुळं, असं तूच सांगायचीस, आणि मंगेश गप्प बसून हसायचा. मंगेशची बायको, तुझी सून स्वाती, हमरापूरची. माहेरी गणपतीच्या कारखान्यात वाढलेली, मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीत तिचा हात धरणारं कोणी नाही. लग्नानंतर पहिल्याच वाघबारशीला तिनं वाघोबाची आखणी केली. असे डोळे काढले की बघणाऱ्यानं एक पाऊल मागं घ्यावं. मी बघितला तेव्हा पोट धरून हसलो. म्हटलं, सरकारी दगडाला डोळे फुटले! तू माझ्याकडं असं बघितलंस, की मला वाटलं मी देवाची थट्टा केली म्हणून तुला राग आला. तो राग नव्हता. "सरकारी दगड" हे शब्द तू त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेस. हे मला पुढं, माझ्या गॅलरीत कळलं.

गेल्या हिवाळ्यात आपल्या गावच्या गुरचरणावर गोदाम येणार असं ठरलं. पत्र्याचं, लांबलचक, हायवेवरून माल येऊन राहणार. त्यांनी आधी तारेचं कुंपण घातलं. कुंपण कुठपर्यंत? तर सातव्या दगडापर्यंत, माझ्या नोंदीप्रमाणं. तुझा वाघोबा कुंपणाच्या खांबाला टेकला आणि झरा गेला आत. दगड मूळ जागी, डोंगराच्या वरच्या सोंडेवर असता तर झरा तुमच्याकडं राहिला असता. तुमच्या गावात उरलीत किती गुरं? पण असतील तेवढ्यांना चैत्र-वैशाखात दुसरं पाणी नाही. तुझ्या गावानं फेरमोजणीचा अर्ज केला.

आणि तू आलीस. वडखळला दोन तास गाडी अडकली म्हणालीस, तोंड उन्हानं काळवंडलेलं. पिशवीतून वालाच्या शेंगा काढल्यास. चहा घेतला नाहीस.

"सदा, तो दगड मी ठेवलाय."

मला आधी कळेना.

"लग्नाला तीन वर्सं झाली होती. पावसात घरंगळून झऱ्यात पडला होता. शेंदूर होता त्याला. मला वाटलं, देव पडलाय. मी नि धाकल्या जाऊनं उचलून बसवला, हळदकुंकू लावलं. मला काय ठावं तो शिवेचा हाय म्हणून?"

"आबा सांगायचे की, शेंदूर तिथं शीव."

"तुला सांगायचे. मला कधी नेलं? मी बापजन्मात शेंदूर बघितला तो देवालाच." मग आवाज खाली आणून म्हणालीस, "दुसऱ्या दिवशी गुरामागं वर गेले तर खड्डा दिसला. आत कोळसा नि खापरं. मला वाटलं कुणीतरी कोंबडी भाजून खाल्ली."

बाय, कोळसा आणि खापरं ऐकलं आणि मी ओळखलं. हद्दीचा दगड पुरताना खाली कोळसा आणि खापरं घालायची जुनी रीत. दगड हलला तरी कोळसा कुजत नाही, खाली खूण राहते. कोंबडी कुणी भाजली नव्हती. तू मूळ जागा बघितली होतीस. तुझ्याशिवाय ती दाखवणारं आता कोणी नव्हतं, तुझी जाऊ तर कधीच गेली.

तू म्हणालीस, "मी मोजणीला सांगणार. ती जागा बघ, सोंडेवरून खाली आलं की…"

आणि मी हात वर केला. "मला सांगू नकोस. मला कळलं तर मला बोलावं लागेल."

असं बोललो मी. मग मी तासभर बोलत होतो. की लोक काय म्हणतील. पेणची मुलगी रोह्याला दिली, तिनं शिवेचा दगड सासरच्या जमिनीत सरकवून माहेरचं रान वाढवलं, आणि तिच्या मोजणीदार भावानं वर शिक्का मारला. तुझ्या घराण्याला तोंड दाखवता येणार नाही, मंगेशला गावात जड जाईल, वाघोबाला कोणी हात जोडणार नाही. झाकली मूठ राहू दे. तू मधे एकदाच बोललीस.

"नि गुरं पाणी कुठं पितील?"

मी आणखी जोरात बोललो.

तू जेवलीस. ताट धुवून ठेवलंस, माझ्या सुनेशी हसून बोललीस. जाताना मला एवढंच म्हणालीस, "तू नको म्हणतोस तर नाय सांगत." मी एसटी स्टँडवर सोडायला आलो, पण तू खिडकीतून बघितलं नाहीस. माझी समजूत अशी की दिवाळीला भाऊबीज होईल आणि आपण पुन्हा बोलू. आपली भांडणं भाऊबिजेला मिटायची. चैत्रात चार दिवसांचा ताप तुला घेऊन जाईल हे काय माहीत?

मी स्वतःला सांगत आलो की मी हे तुझ्यासाठी केलं. तुझी अब्रू. खरं सांगू? नोकरीभर मी एकच बढाई मारत आलो, की सदाची मोजणी कधी फिरली नाही. निवृत्त झाल्यावर माणसाकडं उरतं काय? पेन्शन मला मिळाली असती, कुणी माझं काही वाकडं करणार नव्हतं. ती एक बढाई जाणार होती. तेवढ्यासाठी तुझं तोंड बंद केलं. तुझ्या चितेसमोर उभा होतो तेव्हा मला रडू नाही आलं, लाज वाटली. लोकांना वाटलं, भाऊ धीराचा आहे.

तर परवाची मोजणी.

मोजणीला आता मुली येतात, बाय. आलेली मुलगी तिशीची असेल, टोपी, बूट, हातात यंत्राची काठी. आपल्या आबांना दाखवायला हवी होती. तिनं कागद काढला, माझं नाव वाचलं, म्हणाली, "काका, जुनी नोंद तुमच्याच सहीची आहे. काही सांगायचंय?" दोन्ही गावची पन्नासेक माणसं तारेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. मंगेश सुट्टी टाकून आला होता, तुझी गुरं बरोबर घेऊन. घरी पाणी नव्हतं म्हणून त्यानं आणली असावीत. कुंपणाशी उभी राहून ती झऱ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "नोंद चुकीची आहे. हा दगड जागेवर नाही. मी न तपासता लिहिलं."

आपल्या गावचा एकजण ओरडला, "सदाभाऊ, आता कशाला? इतकी वर्सं झोपला होतात काय?" बरोबरच होतं त्याचं. मग तुझ्या गावातून तो प्रश्न आला, ज्याला मी दोन महिने घाबरत होतो. "मंग हलवला कुणी?"

मंगेशनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पावसात घरंगळला. माझ्या बहिणीनं उचलून बसवला, देव समजून."

आता फुटेल, आता कोणीतरी तुझं नाव काढून थुंकेल, असं मला वाटत होतं. तुमच्या गावचा सगळ्यात म्हातारा माणूस काठी टेकत पुढं आला, दगडाकडं बघितलं आणि म्हणाला, "मंगेशच्या आईनं बसवला व्हय? मंग झऱ्याशीच बसवणार. गुरांमागं फिरणारी बाय ती." दोघंचौघं हसले. झालं. माझी दोन महिन्यांची भीती एवढीच होती, बाय. एक म्हातारा, एक वाक्य, थोडं हसू. तू सांगितलं असतंस तर तुझ्या तोंडावर हेच झालं असतं, आणि तूही हसली असतीस.

मुलगी म्हणाली, "ठीक आहे काका. मूळ जागा दाखवा. जागा मिळाली तर मी रेषा तिथून घेते, कुंपण मागं जाईल. नाही मिळाली तर जुनी नोंद राहील. माझा इलाज नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

तेव्हा स्वाती पुढं आली. पदर डोक्यावरून घेतलेला, आवाज बसलेला. म्हणाली, "तीन-चार वर्सं झाली, आई वाघबारशीला दोन नारळ न्यायच्या. एक हितं फोडायच्या. दुसरा घेऊन एकट्याच वर जायच्या. मला म्हणायच्या, तू बस गो, मी आले. मी इचारलं एकदा, वर कोण हाय? तर म्हणाल्या, ज्याची जागा घेतली त्याची माफी मागून येते."

मी खाली बसलो. पाय दुखत होते म्हणून नाही.

मग लोक वर गेले. दोन्ही गावचे गेले, हे तुला सांगायला हवं. तीस वर्षांत त्या माथ्यावर दोन्ही गावची माणसं बरोबरीनं चढली नव्हती. पोरांनी सोंड पालथी घातली, करवंट्या शोधल्या. करवंट्या डोंगरावर कोण राहू देतो, जळणाला नेतात. चार ठिकाणी खणलं. चारही ठिकाणी कोळसा निघाला, कारण त्या डोंगरावर पूर्वी कोळशाच्या भट्ट्या लागायच्या, वणवे तर दरवर्षी. खापर एकाही खड्ड्यात नाही. मीही चढलो, धापा टाकत, सातव्या दगडाच्या वाटेनं. तू म्हणाली होतीस, सोंडेवरून खाली आलं की. मी सोंडेवरून खाली आलो. पुढं काय? उजवीकडं? डावीकडं? किती पावलं? बैल गेला नि झोपा केला, असं आई म्हणायची. मी तिथं उभा राहून तुझं वाक्य पुरं करायचा प्रयत्न करत होतो, आणि मला फक्त माझा वर केलेला हात दिसत होता.

उन्हं कलली तशी माणसं उतरली. मुलगीही दमली होती, पण वाईट नव्हती. म्हणाली, तुमचा जबाब लिहून द्या, मी अर्जाला जोडते, वरचे साहेब काय म्हणतात बघू, तोवर तार आहे तशी राहील. मी दगडाजवळ बसून लिहिला. चूक माझी, न तपासता नोंद केली, दगड निसर्गतः हलला, बहिणीचा काही दोष नाही. अक्षर चांगलं आलं, सवय आहे. शेवटी तिनं विचारलं, "मूळ जागा कुणाला ठाऊक आहे का, तेही लिहा."

मी लिहिलं: "माझ्या मोठ्या बहिणीस ठाऊक होती. ती मला सांगण्यास पेणला आली होती. मी तिला सांगू नकोस म्हणालो. ती आता हयात नाही."

मुलीनं वाचलं. "काका, नुसतं 'माहीत नाही' लिहिलं तरी चालतं."

मी म्हटलं, "राहू दे तसंच."

साक्षीदार म्हणून तुमच्या गावच्या एकाची सही लागत होती. मंगेश पुढं आला. तू त्याला काही सांगितलं नव्हतंस, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पेणला तू वालाच्या शेंगा द्यायला गेली होतीस, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यानं कागद दोनदा वाचला. सही केली. मग माझ्याकडं न बघता त्यानं तुझी गुरं वळवली आणि तशीच तहानलेली खाली घेऊन गेला.